तीन नंबरचा आवाज

माझ्या मावशीला बसायला सांगितलं की ती खुर्चीच्या कडेला टेकते आणि आपलं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठलेली असते. चहाचं आधण ठेवून ती गॅलरीत जाते, वाळलेले कपडे काढता काढता तिला कुणाला तरी फोन करायचा आठवतो, आणि फोन कानाला लावून ती आत येईपर्यंत चहा उतू गेलेला असतो. बस सिग्नलला जरा रेंगाळली की ही एक थांबा आधीच उतरून चालायला लागते. मी लहानपणापासून तिच्याकडे वाढले, त्यामुळे माझ्याही पायाला भिंगरी आहे असं नातेवाईक म्हणतात. असेल. पण मला निदान झोपेत तरी स्वस्थ पडता येतं. मावशी झोपेतही बोलते, आणि तेही वेगवेगळ्या आवाजांत.

आवाज हाच तिचा धंदा. दुसऱ्या भाषांतल्या मालिका विकत आणून त्यांच्यावर आपल्या भाषेतले संवाद चढवायचे, हे डबिंगचं काम ती एकतीस वर्षं करते आहे. एका जुन्या इमारतीच्या तळघरात स्टुडिओ आहे. भिंतींना राखाडी स्पंज, मध्ये एक माईक, समोर पडदा, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. आत जाताना बांगड्या, घड्याळ, चपला सगळं बाहेर ठेवायचं. मावशीच्या पायाखाली तर जाड गादीचा एक तुकडा टाकावा लागतो, कारण बोलताना तिचा पाय हलतो आणि माईकला तेवढंही ऐकू जातं.

पडद्यावरच्या बाईचे ओठ उघडले की हिचं वाक्य सुरू व्हायला हवं आणि मिटले की संपायला हवं. ओठ दिसत असतील तर अक्षर न् अक्षर तोलून टाकावं लागतं. पण बाईनं पाठ फिरवली की मोकळं रान. त्या वेळी मूळ मालिकेत ती काही बोलत असो वा नसो, आपण तिच्या तोंडी काहीही घालू शकतो. "पाठ वळली की वाटेल ते भरता येतं," हे मावशी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते.

कामाच्या सोयीसाठी तिच्या आवाजांना नंबर पडले आहेत. एक नंबर म्हणजे शिकलेली बाई. डॉक्टर, वकील, मुख्याध्यापिका सगळ्या त्यात येतात, आणि त्यांचे शब्द सुटे सुटे, स्वच्छ असतात. दोन नंबर श्रीमंत घरची कजाग सासू. तीन नंबर कामवाली. चार नंबर देवभोळी म्हातारी आणि पाच नंबर परमुलखातून आलेली, भाषा धड न येणारी बाई. संहितेच्या समासात दिग्दर्शक नुसता आकडा लिहितो आणि मावशी आवाज लावते. ती बाई रडते आहे की भांडते आहे हे नंतर पाहायचं, आधी ती कोण ते बघून आकडा टाकायचा.

पुरुषांचंही तेच. पहारेकरी पेंगुळलेला, हिशेबनीस कंजूष, जाडा मित्र सतत खाणारा, आंधळा माणूस संत. मी एकदा मावशीला विचारलं होतं, एखादा आंधळा तिरसट नसतो का. ती म्हणाली, "असतो ना. खालच्या मजल्यावरचे काका आंधळेच आहेत, आणि त्यांच्याइतका भांडकुदळ माणूस सगळ्या बिल्डिंगमध्ये नाही. पण ते टीव्हीत चालत नाही." का चालत नाही ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि विचार करत बसायला वेळ नव्हता.

आता तीन नंबरबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. हा आवाज माझ्या आजीचा आहे.

आजी म्हणजे मावशीची आई. तिनं अडतीस वर्षं चार घरची भांडी घासली, फरशा पुसल्या, आणि त्यावर दोन मुली शिकवल्या. तिचा आवाज जाडसर, किंचित नाकातला, आणि वाक्याच्या शेवटी तो वर चढतो. शिवाय ती शेवटचा शब्द दोनदा म्हणते. "फरशी झाली, झाली." "येते उद्या, येते." हे का, ते मला फार उशिरा कळलं. मालकीण नेहमी दुसऱ्या खोलीत असायची. हिनं मोरीतून उत्तर द्यायचं, ते नळाच्या आवाजातून, दोन भिंती ओलांडून पोचायला हवं, नाहीतर "ऐकू येत नाही का" म्हणून बोलणी बसायची. म्हणून आवाज वर चढवायचा आणि शब्द दोनदा टाकायचा. अडतीस वर्षं तसं बोलल्यावर घरात आमच्याशीही ती तशीच बोलायला लागली.

मावशीला स्टुडिओत लागून जेमतेम महिना झाला होता. कामवालीची दोन वाक्यं होती, ती म्हणणारी बाई आली नाही, दिग्दर्शकानं हिला माईकसमोर उभं केलं. हिची बोबडी वळली. काही सुचेना, तेव्हा जो आवाज कानात सर्वांत खोल बसला होता तो तोंडातून बाहेर आला. काचेपलीकडे सगळे खूष. त्या दोन वाक्यांनी मावशीची नोकरी पक्की झाली.

मग त्यात भर पडत गेली. एका दिग्दर्शकानं सांगितलं, वाक्याआधी नाक ओढ, मजा येईल. ओढलं. दुसऱ्यानं सांगितलं, मालकिणीचं गुपित कळलं की खिदळ. ती खिदळली. शब्द दोनदा म्हणण्याची लकब तर लोकांना इतकी आवडली की ती तीनदा, चारदा होऊ लागली. दुसऱ्या स्टुडिओंनी ते उचललं, जाहिरातवाल्यांनी उचललं, विनोदी कार्यक्रमवाल्यांनी उचललं. दहा वर्षांत अशी वेळ आली की टीव्हीत कुठल्याही भाषेतून, कुठल्याही देशातून आलेली कामवाली असो, ती माझ्या आजीसारखीच बोलायची, फक्त नाक ओढून.

मी काही यातून वेगळी नाही. सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तीन नंबर करून दाखवला आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आजी दुसऱ्या रांगेत बसली होती. लोक पोट धरून हसत होते, आणि ती टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर तिनं माझी दृष्ट काढल्यासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पाणी प्यायला उठली. त्या प्रसंगाची मला आता लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

गेल्या वर्षी आजीनं बोलणं सोडलं. एकदम नाही, हळूहळू. मला त्याचा पहिला दिवस नेमका आठवतो, कारण मी तिच्या शेजारी उभी होते. गुडघा दुखतो म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, वय विचारलं. आजी म्हणाली, "एकोणऐंशी लिहा, लिहा." मुलीचं पेन थांबलं. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "अगं ऐक, अगदी टीव्हीतली. आजी, परत एकदा म्हणा ना." त्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला खरंच आनंद झाला होता. मागे रांगेत दोघं-तिघं हसले, आणि मीही ओशाळून थोडी हसले. आजीनं पदर तोंडाशी नेला आणि ती परत काही म्हणाली नाही.

त्यानंतर बाहेर कुणी काही विचारलं की ती आमच्याकडे बघायची. दुकानात बोट दाखवायची, बसमध्ये तिकिटासाठी मला कोपर लावायची. मावशीला वाटलं वय झालं, मला वाटलं ऐकू कमी येत असेल. आम्ही दोघी आपापल्या धावपळीत. घरात एक माणूस गप्प होत चाललंय हे लक्षात यायला घरात जरा शांतता लागते, आणि आमच्या घरात ती कधीच नसायची.

मग तिला थकवा यायला लागला. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची. जेवण निम्म्यावर आलं. चेहरा राखेसारखा दिसायला लागला. काय होतंय विचारलं तर हाताने "काही नाही" अशी खूण.

मावशीनं तिला त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरकडे नेलं, मीही सोबत होते, आणि तिथे मावशीच्या हातून चूक झाली. मी तिला दोष देत नाही. एकतीस वर्षं जो माणूस दुसऱ्याच्या ओठांवर शब्द बसवतो, त्याच्याच हातून अशी चूक होऊ शकते.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" आजीनं एकदा दाराकडे पाहिलं, कारण दार उघडं होतं आणि काउंटरवरची मुलगी तिथून दिसत होती. मग तिनं हात पोटाच्या वर, बरगड्यांशी ठेवला आणि मान खिडकीकडे वळवली. झालं. मावशीला चेहरा दिसेना, हात तेवढा दिसला, आणि तिनं बोलायला सुरुवात केली. एक नंबरच्या आवाजात, सुटे सुटे, स्वच्छ शब्द. "डॉक्टर, जेवल्यावर वरच्या पोटात जळजळ होते. आंबट ढेकर येतात. साधारण पंधरा दिवस झाले. रात्री वाढतं." ढेकर तिनं कुठून आणले कोण जाणे. पण ते इतकं पटण्यासारखं होतं की माझाही विश्वास बसला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि आम्लपित्ताचं पातळ औषध लिहून दिलं. आजी खिडकीतून बाहेर बघत होती.

तीन आठवडे ते गुलाबी औषध चाललं. आजी मुकाट्याने दोन चमचे घ्यायची आणि दिवसागणिक खंगत होती. मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती घरातल्या घरात येरझारा घालायची, दर अर्ध्या तासाने आईच्या कपाळाला हात लावायची, मग "ताप नाही" असं स्वतःशीच म्हणून परत चालायला लागायची. स्टुडिओतून दिवसातून सहा-सहा फोन. मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, तुझ्या फोनने तिला बरं वाटणार आहे का?" ती म्हणाली, "मला भीती वाटते गं. ती जाईल आणि कशाने गेली तेही कळणार नाही."

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मावशीला हात करून थांबवलं. "औषधाने एव्हाना फरक पडायला हवा होता. मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय. त्यांना बोलू द्या. आजी, नेमकं कुठे आणि कधी दुखतं?" आजी खाली बघत राहिली. डॉक्टरांनी दोन मिनिटं वाट पाहिली. बाहेर रांग होती. ते म्हणाले, "सोमवारी परत या. पण मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. अंदाजाने मी किती औषधं बदलणार?"

परत येताना माझा संयम सुटला. "आजी, तोंड उघडायला काय होतं तुला? जिवाशी खेळ चाललाय हा."

आजी चालता चालता थांबली. इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"हसतात," ती म्हणाली. "हसतात."

मावशी आमच्या चार पावलं पुढे होती, तिची नेहमीची घाई. ती थांबली. वळली मात्र नाही. मग परत चालायला लागली, पण इतकी हळू की आम्ही दोघी तिच्या पुढे निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत स्टुडिओत गेले, कारण तिथून डॉक्टरांनी करायला सांगितलेल्या आजीच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट आणायला जायचं होतं. मालिकेत त्या दिवशी मोठा प्रसंग होता. घरातली अंगठी हरवली आहे आणि सगळे कामवालीकडे बघताहेत. पडद्यावरची ती नटी मी नीट पाहिली. ती पन्नाशीची असावी. डोळे लाल, हात एकमेकांत घट्ट. ओठ जेमतेम हलत होते. मूळ भाषेत ती काय म्हणत होती मला कळलं नाही, पण ती विनोद करत नव्हती एवढं कुणालाही कळलं असतं. मग ती पाठ वळवून भांडी आवरायला लागते. आमच्या संहितेत तिथे लिहिलं होतं: नाक ओढते, स्वतःशी खिदळते, "मी नाही घेतली, नाही घेतली, नाही घेतली." समासात आकडा तीन.

मावशीनं पहिली खेप केली. नाक नाही, खिदळणं नाही. वाक्य एकदा, शेवटचा शब्द दोनदा, आवाज शेवटी वर. मी काचेबाहेर उभी होते, आणि आत साक्षात आजी उभी राहून सांगत होती की मी नाही घेतली.

दिग्दर्शकाने आत बोलायचं बटण दाबलं. स्टुडिओतही तिला सगळे मावशीच म्हणतात. "मावशी, छान, पण नाक कुठे गेलं?"

"नाक नको."

"नको म्हणजे? प्रसंग जड होतो. लोकांना कामवाली आली की जरा हलकं वाटलं पाहिजे."

"तिच्यावर चोरीचा आळ आलाय. तिला हलकं वाटत नाहीये."

"मावशी, संध्याकाळी पाचला भाग द्यायचाय. तत्त्वज्ञान उद्या करू."

"तिचे ओठ बघा. कुठे हसतेय ती?"

"पाठ वळलीय की तिची," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना."

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला आणखी चार वाहिन्यांचं काम होतं आणि सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. त्याने अजून दोनदा समजावलं. मावशीने दोन्ही वेळा तसंच म्हटलं, साधं. मग त्याने बाकावर बसलेल्या नव्या मुलीला बोलावलं. "तू कर बरं."

ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, इंग्रजी शाळेत शिकलेली. तिच्या घरी स्वयंपाकालाही बाई असेल. तिने चपला काढल्या, माईकसमोर उभी राहिली आणि पहिल्याच खेपेत सगळं बरोबर केलं. नाक, खिदळणं, तिप्पट शब्द, शेवटी चढणारा सूर. एकदाही आजीला न भेटता. मावशी माझ्याशेजारी काचेला हात टेकून ऐकत होती. बाहेर आल्यावर मुलगी तिच्या पाया पडायला वाकली. "मावशी, मी लहानपणापासून तुमचंच ऐकून शिकले." मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या पोरीला ती काय बोलणार.

तीन नंबर त्या दिवसापासून मावशीकडून गेला. आवाज मात्र कुठेच गेला नाही, तो पाचला पोचला आणि आठला टीव्हीवर लागला.

आम्ही टीव्ही लावणार नव्हतो. आजीनेच रिमोट घेतला. रोजची मालिका होती, ती कशी चुकवणार. अंगठीचा प्रसंग आला. पडद्यावर ती बाई पाठ फिरवून भांडी आवरत खिदळली. मावशी उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली, परत गेली.

"आज तू नाहीस," आजी म्हणाली.

मावशी दारात थांबली. "काय?"

"ही दुसरी कुणीतरी आहे. तू नाहीस."

"रोज ती मी असायची, ते तुला माहीत होतं?"

"पोटच्या पोरीचा आवाज ओळखू येणार नाही का मला." आजीने टीव्हीचा आवाज कमी केला. कित्येक महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलेलं. म्हटलं, टीव्हीत माझ्यासारखी बाई आली. मी ज्यांच्याकडे काम करायचे त्या बाईंनाही सांगितलं, माझी मुलगी बोलतेय, बोलतेय. मग ते नाक आलं." ती थांबली. "मला कधी सर्दी होती गं?"

मावशी आईच्या पायाशी खाली फरशीवर बसली.

"तू विचारलं असतंस तर दिला असता की आवाज," आजी म्हणाली. "माझं काय जात होतं. पण आता मी बोलले की लोक तिलाच ऐकतात. मी सांगते दुखतंय, आणि ते वाट बघतात मी कधी नाक ओढते त्याची."

"माझं चुकलं, आई."

"चुकलंच."

आजीनं तिची समजूत काढली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. मग मावशीनं विचारलं, "कुठे दुखतं तुला?"

"ते मी डॉक्टरला सांगीन. पण तू मध्ये बोलायचं नाहीस. एक शब्द नाही."

"नाही बोलणार."

"तुला जमणार नाही."

"जमेल," मावशी म्हणाली, पण आम्हां तिघींपैकी कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

सोमवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगवत नाही. आजीचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मावशीनं दोनदा सोमवारच्या आधीच जायचा घाट घातला आणि दोन्ही वेळा डॉक्टर बाहेरगावी असल्याचं कळलं. दुसरा डॉक्टर गाठू म्हटलं तर आजीनं ठाम मान हलवली. नव्या माणसापुढे पहिल्यापासून तोंड उघडायची तिची तयारी नव्हती.

सोमवारी काउंटरवर तीच मुलगी होती. कागद नवा करायचा होता म्हणून तिने नाव विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मावशीने माझ्या दंडाला चिमटा काढला. आजीनं स्वतः नाव सांगितलं, वय सांगितलं, "लिहा, लिहा." मुलीच्या तोंडावर हसू फुटलं. ते दाबायचा तिने प्रयत्न केला, पण साधलं नाही. मागे कुणीतरी खाकरलं. आजीचे कान लाल झाले होते. ती काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"हसून घ्या," ती म्हणाली. "मी थांबते. मग लिहा."

मुलीचं हसू मावळलं. तिने कागद पुढे ओढला आणि मान वर न करता सगळं लिहून घेतलं.

आत डॉक्टरांनी दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली. आजी बोलायला लागली. तिला वेळ लागत होता. दोन शब्द, मग दम. मावशी माझ्या डाव्या हाताला बसली होती. आजी अडखळली की तिचे ओठ आपोआप हलायचे, वाक्य पुरं करायला, सवयच ती. मग तिने पदराचा बोळा करून तोंडात धरला. मी चेष्टा करत नाही, खरंच धरला.

"पोटात नाही," आजी म्हणाली. "छातीत. मधोमध. कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं, बसल्यासारखं. जिना चढले की येतं, थांबले की जातं. मग हा डावा हात जड होतो, कोपरापर्यंत. परवा इथे जबड्यातही आलं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "किती दिवसांपासून?"

"तीन महिने झाले असतील. असतील."

डॉक्टरांनी मागची पानं उलटली. मग मावशीकडे पाहिलं. "तुम्ही तर जेवल्यावर जळजळ म्हणाला होतात. ढेकर म्हणाला होतात."

मावशीनं पदर तोंडातून काढला. "ते मी म्हणाले होते," ती म्हणाली. "आईनं काहीच म्हटलं नव्हतं."

पुढच्या पाच मिनिटांत सगळं हललं. जिभेखाली गोळी, चाकाची खुर्ची, मोठ्या इस्पितळाला फोन. तोवर शेजारच्या खोलीत कार्डिओग्राम काढायचा होता. तिथल्या बाईने आजीला पलंगावर निजवलं, छातीला, मनगटांना, घोट्यांना वायरी लावल्या, आणि सांगितलं, "आता अगदी शांत पडायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही."

आजीने मान हलवली आणि लगेच विचारलं, "ह्या वायरीचा झटका बसत नाही ना?" मशीनमधून निघालेल्या पट्टीवर रेघा वाकड्यातिकड्या आल्या. बाईने ती टाकली आणि दुसरी लावली. निम्मी पट्टी झाली तोच आजी तिला सांगायला लागली, की जबड्यातलं दुखणं आधी ती दातच समजली होती, आणि दाताचा डॉक्टर कुठला चांगला. ती पट्टीही गेली. तिसरी लावताना ती बाई घायकुतीला आली. बाहेर इस्पितळाची गाडी येऊन थांबली होती. तिने आमच्याकडे वळून मावशीला म्हटलं, "अहो, तुम्ही मुलगी ना त्यांची? जरा गप्प राहायला सांगा त्यांना."

"मी नाही सांगणार," मावशी म्हणाली.